धातूचे बळ आणि कार्बनचा पापुद्रा

भुसावळ तालुक्यातील दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र दूरवरून पाहणाऱ्याच्या ध्यानात त्याच्या उंच चिमण्या आणि राखेचा पसारा राहतो. परंतु २१० मेगावॉटच्या जुन्या संचांपासून ५०० आणि ६६० मेगावॉटच्या नव्या संचांपर्यंत या साऱ्या यंत्रसामग्रीचे आयुष्य ज्यावर अवलंबून असते, तो धातूचा पृष्ठभाग मात्र सहसा कोणाच्या विचारात येत नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे आणि त्या राखेत गारेचे कठीण कण विपुल. वायूच्या झोताबरोबर ते बॉयलरच्या नळ्यांवर आदळत राहतात आणि नळीची भिंत झिजवीत नेतात. मिनिटास ३००० फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांवर थंडावलेल्या वाफेतील जलबिंदूंचा मारा होतो, तर कंडेन्सरच्या नळ्यांतून वाहणारे पाणी त्यांना आतून कुरतडते. या प्रत्येक ठिकाणी धातूचा गाभा शाबूत असतानाच त्याची कड आधी हार खाते, आणि एका नळीस भोक पडले तरी सबंध संच बंद करण्याचा हुकूम सुटतो.

पृष्ठभागास एवढे महत्त्व का असावे, याचा उलगडा धातूच्या अंतरंगात होतो. धातूचे अणू स्फटिकात शिस्तीने रचलेले असतात, तरी त्या रचनेत ठिकठिकाणी रेषेसारखे दोष राहून गेलेले असतात. त्यांस स्थानभ्रंश म्हणतात. दिवाणखान्यातील जड जाजम एकदम ओढू गेल्यास हलत नाही, पण त्याच्या एका कडेस सुरकुती पाडून ती पुढे सरकवीत नेली, तर सारे जाजम अल्प श्रमात जागचे हलते. स्थानभ्रंश हीच सोय धातूस करून देतात, आणि म्हणूनच प्रत्यक्षातील धातू त्याच्या अणुबंधांच्या हिशेबाने जेवढा बलवान असावयास हवा, त्याच्या कितीतरी कमी ताणास वाकतो. हा सिद्धांत १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडला. योगायोग असा, की त्याच वर्षी रॉस्को यांनी कॅडमियमच्या एकसंध स्फटिकांवर प्रयोग करून दाखविले, की अवघ्या काही अणूंच्या जाडीचे ऑक्साइडचे पटलही स्फटिकाचे बळ ठळकपणे वाढविते.

या दोन गोष्टी जोडून पाहिल्या म्हणजे विलेपनाचे मर्म कळते. उघड्या धातूत स्थानभ्रंश सरकत सरकत पृष्ठभागापाशी येतो आणि तेथे अणूएवढी पायरी उमटवून बाहेर पडतो. भार पुन्हा पुन्हा चढत-उतरत राहिला, की अशा असंख्य पायऱ्यांतून सूक्ष्म घळी पडतात, घळींतून तडे जन्मतात, आणि धातूचा शिणवटा म्हणून जो विकार अभियंत्यांस परिचित आहे, त्याची सुरुवात होते. पृष्ठभागावर घट्ट बसलेला कठीण पापुद्रा असेल, तर स्थानभ्रंशास बाहेरची वाट मिळत नाही. तो सीमेशी अडतो, मागून येणारे त्याच्या पाठीशी दाटतात, आणि त्यांच्या परस्पर विरोधामुळे पुढील विरूपणास अधिक बळ लावावे लागते.

असा पापुद्रा पुरविण्यास कार्बनइतका योग्य पदार्थ क्वचितच आढळेल. १९७१ मध्ये आयझेनबर्ग आणि शाबो यांनी कार्बनच्या आयनांचा झोत वापरून हिऱ्यासारख्या गुणांचे पातळ थर तयार केले. या थरांत काही अणू हिऱ्याप्रमाणे चार शेजाऱ्यांशी, तर काही ग्रॅफाइटप्रमाणे तिघांशी बांधलेले असतात; त्यामुळे काठिण्य आणि गुळगुळीतपणा हे एरवी परस्परांस पारखे असणारे गुण त्यांच्या ठायी एकत्र नांदतात. निर्वात पात्रात मिथेन किंवा ॲसिटिलीन वायूचा प्लाझ्मा करून बसविलेला हा थर बहुधा एक ते काही मायक्रॉन जाडीचा असतो, तरी त्याचे काठिण्य कडक केलेल्या पोलादाहूनही वरचढ ठरू शकते.

ग्रॅफीनची कथा याहून विस्मयकारक आहे. कार्बनच्याच एका अणूच्या जाडीच्या, म्हणजे सुमारे ०.३४ नॅनोमीटरच्या या पटलाची मजबुती २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मोजली गेली, तेव्हा ती सुमारे १३० गिगापास्कल भरली. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील काइस्ट या संस्थेच्या संशोधकांनी धातू आणि ग्रॅफीन यांचे थर आलटून पालटून रचले. मृदू केलेल्या सामान्य तांब्याची ताणशक्ती ०.२ गिगापास्कलच्या आसपास असते. त्यांच्या रचनेत ७० नॅनोमीटर अंतराच्या थरांतील तांब्याने १.५, तर १०० नॅनोमीटर अंतराच्या थरांतील निकेलने ४ गिगापास्कलपर्यंत मजल मारली, कारण स्थानभ्रंशांस ग्रॅफीनचे पटल ओलांडता आले नाही. मात्र हे आकडे अतिसूक्ष्म स्तंभ दाबून मिळालेले आहेत. त्यांवरून सबंध यंत्रभागाचे भाकीत करणे धाडसाचे होईल.

जमेची बाजू अशी भक्कम असली, तरी खर्चाची बाजू मांडल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. हिरकसदृश थरात घडणीच्या वेळीच मोठा दाब कोंडून राहतो, आणि थर जाड होत गेला की तो सुटून निघू पाहतो. म्हणून धातू आणि कार्बन यांच्या मध्ये क्रोमियम, टायटॅनियम किंवा सिलिकॉन यांचा अस्तरथर देण्याची तजवीज करावी लागते. तापमान तीनशे-चारशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की सामान्य हिरकसदृश थर ग्रॅफाइटकडे झुकू लागतो. आणि दीपनगरसारख्या केंद्रात टर्बाइनकडे जाणारी वाफ तर ५४० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही तप्त असते. ग्रॅफीनच्या बाबतीत बर्कली येथील संशोधकांनी २०१३ मध्ये दिलेला इशारा अधिकच मननीय आहे. ग्रॅफीनने मढविलेले तांबे प्रारंभी सुरक्षित राहते. परंतु पटलातील बारीक छिद्रांतून हवा व ओलावा शिरला, की विद्युतवाहक ग्रॅफीनच्या सान्निध्याने गंजण्यास चालना मिळते, आणि काही महिन्यांनी ते उघड्या तांब्यापेक्षाही वाईट अवस्थेस पोहोचते.

या साऱ्याचा विचार करता, राखेचा मारा सोसणाऱ्या तप्त नळ्यांस या विद्येपासून आज फारसा दिलासा नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तेथे जाड आणि उष्णतासह विलेपनेच योग्य होत. पंपांचे यांत्रिक सील, झडपांचे सरकते भाग आणि कंडेन्सर, म्हणजे जेथे उष्णता बेताची आणि काम संपर्काचे आहे, ती कार्बनच्या पापुद्र्याची खरी कार्यक्षेत्रे. २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाखविले, की तांब्याच्या नळीवर ग्रॅफीन असल्यास वाफ सलग पटलाऐवजी सुट्या थेंबांच्या रूपाने द्रवते, उष्णतेचे संक्रमण सुमारे चौपट होते, आणि १०० अंशांच्या वाफेत दोन आठवडे ठेवूनही ते पटल टिकून राहते. दोन आठवड्यांची ही ग्वाही उत्साहवर्धक असली, तरी वीजकेंद्रातील नळीची मुदत वर्षांत मोजावी लागते. म्हणून अशा नळ्यांचा एखादा जुडगा चालू संचात काही वर्षे बसवून त्यांवरील पापुद्र्याची छिद्रे, चिकटपणा आणि झीज यांची नियमित नोंद ठेवणे, हीच पुढील पायरी ठरते. कारण पापुद्रा किती कठीण आहे यापेक्षा तो कोठे आणि किती काळ अभंग राहतो, यावरच त्याच्याखालील धातूचे भवितव्य ठरणार आहे.