इन्स्टंट गिझर खरंच वीज वाचवतो का?

डिसेंबर-जानेवारीत भिलाईत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो. स्टील प्लांटची पहिली पाळी सकाळी ६ला, त्यामुळे अनेक घरांत ५ वाजण्याआधीच न्हाणीघराचा दिवा लागतो. पाठोपाठ शाळेची मुलं, मग आजी-आजोबा. नवा गिझर घ्यायचं ठरलं की अशा घरांना एक सल्ला हमखास मिळतो: टाकीचा गिझर वीज खातो, इन्स्टंट घ्या.

सल्ला अर्धाच खरा आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते, मग यंत्र कोणतंही असो. नळाचं २० अंशांचं पाणी ४० अंशांवर न्यायचं, तर १५ लिटरच्या बादलीला साधारण ०.३५ युनिट लागणारच. टाकीत जास्तीची वीज जाते ती साठवलेलं पाणी निवतं म्हणून. बटण दिवसभर चालू राहिलं की थर्मोस्टॅट ते पुन्हा पुन्हा तापवतो. टाकीच्या गिझरवरचे बीईईचे तारे हीच घट किती, ते सांगतात. अंघोळी एकापाठोपाठ उरकून बटण बंद केलं, तर ती किरकोळ राहते.

खरा प्रश्न पाण्याच्या धारेचा आहे, आणि दुकानात तो क्वचितच निघतो. आपल्याकडच्या इन्स्टंटमध्ये बहुधा १ ते ३ लिटरची छोटी टाकी आणि ३ किलोवॅटचं कॉइल असतं. ती टाकी रिकामी झाली की हे कॉइल मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी २० अंशांनी तापवू शकतं. म्हणजे एका बादलीला सात मिनिटं! मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरला ११ किलोवॅट लागतील. परदेशातले बिनटाकीचे हीटर अख्ख्या घराला पुरतात, कारण ते मोठ्या क्षमतेच्या गॅसवर किंवा जड वीजजोडणीवर चालतात.

याउलट १५ लिटरच्या टाकीतलं ६० अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळलं की ३० लिटर, म्हणजे दोन बादल्या होतात. २५ लिटरच्या टाकीतून तीन बादल्या भरून वर थोडं उरतं. चार-पाच माणसांच्या घरात, सकाळच्या घाईत, २५ लिटरची टाकीच सोयीची. इन्स्टंट शोभतो तो स्वयंपाकघरातल्या सिंकवर किंवा दोघांच्या घरात.

‘लहान यंत्र, म्हणून वायरिंग जुनंच चालेल’ हा समज तर धोक्याचा. ३ किलोवॅटचा इन्स्टंट १३ अँपिअर ओढतो, टाकीचा २ किलोवॅटचा गिझर ९च्या आतबाहेर. दोघांनाही १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच. जुन्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी गिझरच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा.

बोअरचं पाणी जड असेल, तर कॉइलवर क्षार चढतात. ते साफ करताना टाकीतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही तपासून घ्यावा. टाकीऐवजी तो झिजतो.

वीज टाळायची म्हणून काही जण गॅस गिझर थेट न्हाणीघरात बसवतात. तिथे हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास. अशा बंद न्हाणीघरांत माणसं दगावली आहेत. हा गिझर बाहेरच्या मोकळ्या जागेतच हवा. आत बसवलेला असेल, तर बाहेर हलवेपर्यंत तो वापरूच नये.