विजेची मोटार आणि वेळेचा हिशेब

विजेवर चालणारी मोटार घेतली की आप्तेष्ट पहिला प्रश्न विचारतात तो हा, की ती चार्ज व्हावयास किती वेळ लागतो? नऊ-दहा तास, असे उत्तर मिळताच विचारणाऱ्याच्या मुद्रेवर सहानुभूती उमटते. पेट्रोलची टाकी पाच मिनिटांत भरते. त्यापुढे दहा तास म्हणजे शिक्षाच! तथापि या उत्तरावरून दैनंदिन गैरसोयीची खरी कल्पना येत नाही.

२०२० साली बाजारात आलेल्या टाटांच्या नेक्सॉन या विद्युत् मोटारीचे उदाहरण घेऊ. तिच्या बॅटरीत सुमारे ३० युनिट वीज मावते. घरातील १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला साधारण ३ युनिट मिळतात. म्हणजे रिकामी बॅटरी भरावयास रात्र सरते, हे खरे. पण ती रोज रिकामी होते कोठे? अशी मोटार एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. कचेरीची ये-जा ३० किलोमीटरची धरली, तर खर्च पाच युनिटांचा आणि भरपाई दोन तासांची. तेही दोन तास आपल्या झोपेतले. रात्री मोटार प्लगला जोडावी, सकाळी सोडवावी. आपला स्वतःचा वेळ जातो तो मिनिटभर.

लांबच्या प्रवासात मात्र चित्र पालटते. दिल्लीहून जयपूर पावणेतीनशे किलोमीटर. वाटेत थांबणे आले, आणि तेथे वेगच हवा. महामार्गावरील जलद केंद्रावर हीच मोटार तासाभरात ८० टक्क्यांपर्यंत भरते. पुढचे २० टक्के मात्र रेंगाळतात. बॅटरी भरते तेव्हा लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जागा घेतात. जागा थोडी उरली असता घाई केली, तर लिथियम धातुरूपाने पृष्ठभागावर साचते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. बरणी काठोकाठ भरत आली की आपण धार बारीक करतो, तसाच मोटारीतील नियंत्रक प्रवाह कमी करतो. म्हणून जाणता प्रवासी ८० टक्क्यांवर निघतो; मागे रांगेत उभ्या असलेल्यालाही ते सोयीचे होते.

माझ्या मोटारीला अंगण आहे. माझे एक सहकारी तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांची मोटार रस्त्याच्या कडेला उभी असते. दर रविवारी ते सार्वजनिक केंद्रावर जातात, रांगेत थांबतात, तासभर तेथेच वर्तमानपत्र वाचतात आणि युनिटामागे घरच्याहून अधिक दर मोजतात. ज्याच्या दाराशी प्लग आहे त्याला मंद गतीही पुरते. ज्याच्या दाराशी नाही, त्याला जलद गतीही अपुरी पडते.

२०१९ साली केंद्र सरकारने आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून, नव्या इमारतींतील वाहनतळाच्या २० टक्के जागेत अशी सोय असावी, असे सुचविले. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचे वास्तव्य जुन्या इमारतींत. तेथे गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एखाद्या सभासदाने वाहनतळात प्लग आणि स्वतंत्र मीटर मागितला, तर त्याची मागणी हौशी माणसाचे खूळ म्हणून बाजूस सारू नये. त्या साध्या प्लगवर त्याचा रविवार अवलंबून असतो.