अलिबाग जवळ आहे, म्हणून स्वस्त नाही

“अलिबागच तर आहे, पेट्रोल टाकलं की झालं!” पावसाळा सरला की हे वाक्य ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत ऐकू येऊ लागतं. आणि हेच म्हणणारी मंडळी रविवारी रात्री परतल्यावर “तिकडचे लोक लुटतात” असं सांगत सुटतात. हा आरोप मला मनापासून खटकतो. बहुतेकदा हिशेब घरून निघतानाच चुकलेला असतो.

तो एकदा मांडूनच पाहू. ठाणे-दादरकडचं चौघांचं कुटुंब, स्वतःची गाडी. पनवेल, पेण, वडखळवरून अलिबाग साधारण 100 किलोमीटर. जाणं-येणं आणि तिथलं फिरणं धरून 240. गाडी लिटरला 15 देत असेल, तर 16 लिटर. दर 105 धरला तर 1,680 रुपये. अटल सेतूवरून गेलात तर कारला एका वेळी 250 टोल, म्हणजे दोन्ही वेळचे 500. प्रवास झाला 2,180 रुपयांत.

आता बाकीचं. समजा, शनिवारची खोली 4,500 ला मिळाली. मासळीच्या आठ थाळ्या सरासरी 400 ने 3,200. नाश्ता, चहा, शहाळी, परतीच्या वाटेवरचं जेवण असे 2,000. मुलांची घोडागाडी आणि पाण्यातले खेळ 1,500. एकूण 13,380. म्हणजे ज्या पेट्रोल-टोलच्या जोरावर सहल ‘स्वस्त’ ठरवली, तो खर्च एकुणाचा जेमतेम सहावा हिस्सा. ठिकाण जवळ असल्याने जे काही वाचतं, ते या सहाव्या हिश्श्यातूनच.

उलट, जवळ असल्यामुळेच खोली महागते. वरसोली, नागाव, किहीमला खोल्या ठरावीक. त्या मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुणे या सगळ्यांना एकाच रात्री हव्या असतात, शनिवारी. मंगळवारी तीच खोली रिकामी असते. पण वाडीतल्या गड्याचा पगार, विजेचं बिल, पाण्याचा पंप, चादरींची धुलाई आठवडाभर चालूच राहते. पावसाळ्यात आणि मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत गिऱ्हाईक रोडावतं, ती भरपाईही शनिवारच्याच दरातून होते. यात लूट कुठे आली? म्हणून ठिकाण बदलण्याआधी रात्र बदलून बघा. फोनवर “शनिवारी किती?” एवढंच न विचारता “रविवारी रात्री राहिलो तर काय घ्याल, काका?” असंही विचारा. फरक तिथल्या तिथे कळतो.

दुसरी चूक दर ऐकण्यातली. घरगुती मुक्कामाचा मालक म्हणतो, “माणशी 1,800, दोन जेवणं, नाश्ता, चहा.” चार माणसांचे 7,200 ऐकून लोक फोन ठेवतात आणि 4,500 ची खोली घेतात. मग तिथे थाळ्यांचे 3,200 वेगळे, म्हणजे 7,700 झाले आणि नाश्ता अजून व्हायचाच आहे! त्यात ‘चौघांची खोली’ म्हणजे पुष्कळदा एक डबल बेड आणि जमिनीवर दोन गाद्या. त्या जादा गाद्यांचे पैसे निघताना बिलावर दिसतात आणि वाद तिथे पेटतो. गाद्या दरात धरल्यात का, मुलांचा दर अर्धा की पूर्ण, खोली किती वाजता सोडायची, हे पैसे पाठवण्याआधी मेसेजवर लिहून घ्या.

‘जीएसटी 18 टक्के लागतोच’ हेही चूक. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे, 18 टक्के त्यावरच्या खोल्यांना. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला हा कर घेताच येत नाही. बिलावर नंबर पाहा. आणि सेवा शुल्क मुकाट्याने भरू नका. ते बिलात आपोआप लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं.

‘किनाऱ्यावर मासे स्वस्तच.’ पापलेटला मुंबईत गिऱ्हाईक तयार असताना ते अलिबागेत कमी भावात कोण विकेल? शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. खिसा सांभाळायचा तर बांगड्याची थाळी घ्या, ती चवीला कुठेच कमी नाही.

‘बोटीने नेहमी स्वस्त पडतं.’ एकट्यादुकट्याला पडतं. गेटवे-मांडवा तिकिटात बऱ्याचदा अलिबागपर्यंतची बसही असते. पण पुढे नागाव-काशीदला रिक्षा करावी लागते आणि साधारण मेअखेर ते ऑगस्टअखेर या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रो-रोवर गाडी नेलीत, तर तिचं तिकीट वेगळं.

‘कुलाबा किल्ल्याला होडी लागतेच.’ पूर्ण ओहोटीला चालत जाता येतं. मात्र भरतीची वेळ आधी विचारा आणि पाणी चढायच्या आत परत फिरा.

‘वाळूत गाडी घातली तर काय होतंय?’ चाकं रुततात, भरती येते, ट्रॅक्टर बोलवावा लागतो. इंजिनात खारं पाणी गेलं तर साध्या विमा पॉलिसीत ते नुकसान बहुधा बसत नाही. सबंध सहलीच्या कितीतरी पट खर्च या एका हौसेपायी होतो.

स्वस्त बंगल्याचे फोटो पाहून अनोळखी नंबरवर आगाऊ पैसे तर अजिबात पाठवू नका. फसलात तर लगेच 1930 वर फोन करा.

सोमवारची एक रजा काढता येत असेल तर जरूर काढा, सगळ्या घासाघिशीपेक्षा तिने जास्त पैसे वाचतात. आणि आधी बोलून ठरलेला दर निघताना पूर्ण द्या.