भरमारीचं मोल

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्या जंगलाला खेटून आहेत. नवेगाव-नागझिऱ्याभोवतीच्या गावांत, सालेकसा-देवरीच्या डोंगरपट्ट्यात, धान निसवलं की रानडुकरांचे कळप रात्री बांध्यांत उतरतात. पिकाच्या राखणीसाठी कायद्याने शेतकऱ्याला एक हत्यार देऊ केलं. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची ही बंदूक म्हणजे भरमार. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणाच्या परवान्यासाठी अशा बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. आता आजोबा राहिले नाहीत, बंदूक घरात पडून आहे आणि नातू विचारतो, हिचे किती येतील?

उत्तर आधी कागदात शोधावं लागतं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीचे परवाने भंडाऱ्याचे असतात. परवान्यातला क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळलाच पाहिजे. परवानाधारक वारल्यावर ती बंदूक तशीच घरात ठेवता येत नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला तिच्यासाठी स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. विकायची तर घेणाऱ्याकडे परवाना हवा. जिल्हादंडाधिकारी किंवा ठाणेदार यांना त्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. गिऱ्हाईक इतकं मोजकं असलं की भाव चढायचा कसा?

इंटरनेटवरचे परदेशी आकडे पाहून माणसं हुरळतात. २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी नेपाळच्या लष्कराचा काठमांडूतला जुना शस्त्रसाठा विकत घेतला आणि त्यातल्या बंदुका साफसूफ करून, प्रत ठरवून संग्राहकांना विकल्या. अमेरिकेत १८९८ पर्यंतच्या बंदुकीला १९६८ च्या केंद्रीय कायद्याने पुराणवस्तू मानलं आहे, म्हणून तो बाजार मोकळा आहे. आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या कलम ४५ ची सूट फक्त दुरुस्तीनंतरही न उडणाऱ्या जुनाट किंवा मोडक्या हत्याराला मिळते. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तिथले डॉलर इथल्या भरमारीला लावणं म्हणूनच व्यर्थ आहे.

आता बंदुकीकडे वळू. पारख करण्याआधी ती रिकामी आहे का, हे पाहायलाच हवं. जुन्या भरमारी वर्षानुवर्षं भरलेल्याच सापडतात. गज नळीत अलगद सोडावा, तोंडाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. टोक बार पेटवणाऱ्या टोपीच्या जागेपर्यंत पोचलं नाही, तर आत काहीतरी आहे. मग हात काढून घ्यावा आणि पोलिसांना कळवावं.

विदर्भात ‘एनफील्ड रायफल’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बंदुकीकडे फार बारकाईने पाहावं. १८५३ च्या नमुन्याची खरी एनफील्ड ३९ इंची नळीची, ०.५७७ इंच व्यासाची, आत पीळ घेत जाणाऱ्या तीन चरांची. या चरांमुळेच ती रायफल. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातात दूरवर अचूक मारा करणारं हत्यार द्यायचं नाही असं ठरवलं. बाहेरून तशीच, पण आतून गुळगुळीत आणि ०.६५६ इंच व्यासाची बंदूक त्यांना दिली गेली. म्हणून नळीत उजेड टाकून चर नाहीत असं दिसलं, तरी ती नकली ठरत नाही. मला तर ती अधिक मोलाची वाटते, कारण राज्यकर्त्यांचा अविश्वास तिच्या लोखंडात कोरलेला आहे. घोड्याजवळच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ ही अक्षरं आणि साल असतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या बंदुकीवर उभा सिंह दिसतो. अक्षरं उलटी किंवा चुकलेली असतील, तर ती वायव्य सरहद्दीकडची नक्कल समजावी.

काळ्या दारूची राख ओल धरते आणि नळी आतून खाते, त्यामुळे खड्डे, फुगवटा आणि टोपीखालची झिजलेली जागा किंमत उतरवतात. अर्ध्यावर चढवलेला घोडा तिथेच थांबला पाहिजे. दस्त्याची मान तडकलेली नसावी. पाण्याच्या पाइपाची, गावठी बनावटीची आणि विनापरवाना भरमार मात्र शून्य किमतीची. ती फुटून हात नेते आणि बाळगणं हा गुन्हा आहे. शेजारच्या गडचिरोलीत गावकऱ्यांनी अशा बंदुका स्वतःहून पोलिसांकडे जमा केल्या, हे योग्यच झालं.

सर्वांत जास्त नुकसान मात्र घासकामाने होतं. विकण्याआधी चकाकी आणायची म्हणून काचकागद फिरवला की खुणा पुसल्या जातात, आणि खुणा गेल्या की ती दीडशे वर्षांची बंदूक भंगाराच्या भावाला येते. म्हणून घरात अशी बंदूक असेल तर तिला घासू नका, कापू नका, परवान्याचं जुनं पुस्तक जपा आणि आधी ठाण्यात कळवा. सिंहाची किंवा मुकुटाची खूण दिसली, तर विकण्यापूर्वी नागपूरच्या १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या जाणकारांना जरूर विचारा.