लेखकप्रमाद आणि लेखकाचा आत्मनिर्णय

पोथीची नक्कल हे पुनरावृत्तीचे काम होय. मुळातील अक्षरे पाहावीत, क्षणभर स्मरणात धरावीत, उतरवावीत आणि पुन्हा मुळाकडे वळावे, एवढीच क्रिया सहस्रावधी वेळा घडते. अशा कामात कर्त्यास स्वतःच्या कामगिरीचा अंदाज कितपत अचूक येतो, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या मुळाशी आहे.

किती लिहिले, हे लेखकास नेमके सांगता येई; 32 अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ या मानाने लेखनाची मोजणी होत असे. किती शुद्ध लिहिले, याला असे माप नव्हते. पाहिले तसे लिहिले, दोष देऊ नये, या आशयाची समाप्तिवाक्ये सांकेतिक असल्याने ती लेखकाचे खरे मत मानता येत नाहीत. अधिक बोलकी साक्ष पानावरच असते. हरताळाने झाकलेली अक्षरे आणि काकपद करून समासात भरलेले शब्द हे कोणाच्या तरी दृष्टीस पडलेले दोष होत. न दिसलेले दोष दुसरी प्रत शेजारी ठेवल्यावरच कळतात. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असल्यास दृष्टी पहिलीवरून दुसरीवर घसरते व मधला मजकूर गळतो. उरलेला अर्थ जुळत असला, तर गळती जाणवतही नाही.

शहाजीराजांच्या बंगळूर येथील दरबाराशी निगडित जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात संस्कृताबरोबर देशी भाषांतील रचनाही आहेत. अशा बहुभाषी ग्रंथाची नक्कल करताना अपरिचित भाषेत लेखक अक्षरागणिक चालतो. त्याची चूक निरर्थक, म्हणून उघडी पडते. परिचित भाषेत तो अर्थाच्या आधारे पुढे जातो व मुळातील शब्दाऐवजी सवयीचा शब्द लिहितो. ही चूक सार्थ असल्याने पुनर्वाचनातही निसटते.

क्रूगर व डनिंग यांनी 1999 मध्ये दाखविले की, तर्क व व्याकरण यांत कच्चे असलेले लोक स्वतःस फार वरचे स्थान देतात; कारण काम करण्यास लागणारे ज्ञानच ते पारखण्यासही लागते. नकलेत मात्र जाणकारही फसतो, आणि तोही आपल्या ज्ञानामुळेच.

ज्ञानेश्वरी 1290 मध्ये सिद्ध झाली. एकनाथांनी तिचा पाठ शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली शुद्ध केला. मधल्या तीन शतकांतील बिघाडास अप्रामाणिकपणाच कारण होता, असे मानण्याची गरज नाही. निष्ठेने केलेल्या नकलाही त्यास पुरेशा आहेत. म्हणून संपादकाने लेखकाची ग्वाही, सुबक अक्षर वा विद्वत्ता यांवर प्रतीचे मोल ठरवू नये. ते प्रतींच्या मेळवणीनेच ठरवावे.