फॉर्म कोणत्या साली छापला?

चुंबकाच्या पोटात : लेखांक ७

एमआरआय सेंटरच्या काउंटरवर पेशंटपुढे एक फॉर्म सरकवला जातो. पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, गरोदर आहात का... आणि या प्रश्नांच्या खाली पुष्कळ ठिकाणी एक ओळ असते : क्रिएटिनीन १.५ च्या वर असल्यास कॉन्ट्रास्ट देऊ नये. ही ओळ कुणी घातली, कधी घातली आणि कुठल्या औषधासाठी घातली, हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. टेक्निशियन ती पाळतो. डॉक्टरही पाळतात, कारण रिपोर्टिंगची रांग संपत नसते.

मागच्या आठवड्यात प्रोस्टेटच्या पाय-रॅड्सच्या निमित्ताने नवं काय शिकायचं ते पाहिलं. आज जुनं काय सोडायचं ते पाहू. धावपळीतल्या रेडिओलॉजिस्टला हेच जास्त जड जातं, असं माझं मत आहे. नव्या सिक्वेन्सवर कॉन्फरन्समध्ये व्याख्यानं होतात, कंपनीचा माणूस येऊन माहिती देतो. जुना नियम मोडीत निघाला, तर त्याची दवंडी कुणी पिटत नाही.

एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियमचंच घ्या. या धातूच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यामुळे आजूबाजूच्या पाण्यातले प्रोटॉन लवकर पूर्वस्थितीला येतात आणि गाठ किंवा सूज टी-वन चित्रात उजळते. पण सुटा गॅडोलिनियम विषारी असतो, म्हणून तो दुसऱ्या रेणूत बांधून देतात. हे बांधणं दोन तऱ्हांचं. लिनिअर औषधांत रेणूची उघडी साखळी धातूभोवती गुंडाळलेली असते. मॅक्रोसायक्लिक औषधांत धातू बंद कड्याच्या आत, झाकण घट्ट लावलेल्या डबीत असावा तसा बसतो.

१९८८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं या जातीचं पहिलं इंजेक्शन लिनिअर होतं. पुढची कित्येक वर्षं किडनीच्या रुग्णांसाठी सीटीच्या आयोडिनपेक्षा गॅडोलिनियम बरं, असंच मानलं गेलं. रक्तवाहिन्यांच्या तपासणीत तर दुप्पट-तिप्पट डोसही दिले गेले. मग २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रोबनर या नेफ्रॉलॉजिस्टने डायलिसिसवरच्या काही रुग्णांच्या आजाराचा धागा या इंजेक्शनाशी जोडून दाखवला. कातडी जाड आणि टणक होत जाते, सांधे आखडतात, काही जण दगावतात. आजाराचं नाव नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस. निरोगी किडनी हे औषध काही तासांत बाहेर टाकते; निकामी किडनीत ते दिवसेंदिवस फिरत राहतं आणि तेवढ्या वेळात उघड्या साखळीतून धातू निसटतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने औषधांवर कडक इशारा छापायला लावला. फॉर्मवरची ती ओळ बहुधा याच सुमाराची. तेव्हा ती योग्यच होती.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. मॅक्रोसायक्लिक औषधं सर्रास वापरात आली. किडनीचा आजार चौथ्या-पाचव्या टप्प्यात असलेल्या आणि कमी धोक्याच्या, म्हणजे 'ग्रुप टू' गटातल्या औषधाचं इंजेक्शन मिळालेल्या ४,९३१ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा त्यांत या आजाराचा एकही रुग्ण निघाला नाही. अर्थात, शून्य सापडले म्हणून धोका शून्य ठरत नाही. संख्याशास्त्राच्या हिशेबाने तो फार तर ०.०७ टक्के. या आधारावर अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि तिथल्या नॅशनल किडनी फाउंडेशनने २०२१ मध्ये संयुक्त निवेदन काढलं : ग्रुप टूचं औषध देण्यापूर्वी किडनीची तपासणी ऐच्छिक, आणि गरज असेल तर गंभीर आजारातही ते अडवू नये.

जुन्या ओळीची किंमत इथे कळते. क्रिएटिनीन ३ असलेला माणूस, मेंदूत गळू की गाठ हा प्रश्न. फॉर्म पाहून तपासणी 'प्लेन' होते, रिपोर्टच्या तळाशी 'कॉन्ट्रास्ट देता आले नाही' असं येतं आणि न्यूरोसर्जन होता तिथेच राहतो. बाळंतिणीलाही अजून ठिकठिकाणी २४ तास दूध पिळून टाकायला सांगतात. वास्तविक डोसच्या ०.०४ टक्क्यांहून कमी औषध दुधात उतरतं आणि त्यातलंही एक टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून रक्तात जातं. दूध थांबवण्याची गरज नाही, हे मार्गदर्शन येऊनही बराच काळ लोटला. गरोदरपणातली सावधगिरी मात्र कायम आहे.

म्हणून सगळंच सैल सोडायचं असं नाही. २०१४ मध्ये कांडा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी दाखवलं की वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत, किडनी चांगली असूनही, डेंटेट न्यूक्लियस आणि ग्लोबस पॅलिडस उजळ दिसतात. त्याने मज्जासंस्थेला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपने २०१७ मध्ये बहुतेक लिनिअर औषधं शिरेतून देण्यावर बंदी घातली, यकृतासारखे मोजके अपवाद ठेवले. अमेरिकेने इशारा देऊन ही औषधं चालू ठेवली. पुरावा एकच, निर्णय दोन. तेव्हा 'गाइडलाइन काय म्हणते' याआधी कुणाची आणि कोणत्या सालची, हे विचारावं लागतं.

मासिकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला वेळ कुणाला आहे? त्यापेक्षा उद्या सकाळी ट्रेमधली कुपी हातात घ्या आणि ब्रँडखालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. गॅडोडायमाइड असेल, तर ती जुनी ओळ आजही खरी आहे. गॅडोब्युट्रॉल किंवा गॅडोटेरेट असेल, तर ती ओळ बदलायला हवी. खरेदीखात्याने दर बघून औषध बदललं, तर ती बातमी रिपोर्टिंग रूमपर्यंत पोचेल याची सोयही करून ठेवा. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीचं कॉन्ट्रास्ट मॅन्युअल फुकट मिळतं. त्यातलं किडनीचं प्रकरण एका चहाच्या वेळात वाचून होतं. फॉर्म नव्याने छापाल तेव्हा कोपऱ्यात तारीख आणि औषधाचं नाव घाला.

पुढच्या आठवड्यात : झोपेतून उठल्यावर लक्षात आलेला पक्षाघात. डिफ्यूजनमध्ये डाग दिसतो, फ्लेअर अजून स्वच्छ आहे. तर झटका नेमका कधी आला असावा?