जाळ्याचे व्याकरण आणि लोंबकळणारे दुवे

ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या जाळ्याला गणितात आलेख म्हणतात. भाषेला जसे व्याकरण असते तसे या आलेखालाही देता येते. त्यातील प्रत्येक नियमाला दोन बाजू असतात. जाळ्यात काय शोधायचे ते डावी बाजू सांगते. त्याच्या जागी काय ठेवायचे ते उजवी. असे मोजके नियम पुन्हा पुन्हा लावले की सबंध जाळे पालटते.

कळंबोलीचेच पाहा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. सिडकोच्या भाषेत कळंबोली हा एक ‘नोड’, म्हणजे ठिपकाच! डाव्या बाजूला शेतजमीन आणि तिचा खातेदार. उजव्या बाजूला सेक्टर, रस्ते, लोखंडबाजार.

पण ठिपका पुसला की त्याला जोडलेल्या, नियमात न दिसणाऱ्या रेषांचे काय होते? खरा प्रश्न इथे आहे. १९७३ साली एरिग, फेंडर आणि श्नायडर यांनी मांडलेल्या पद्धतीचे उत्तर कडक आहे: एकही रेषा लोंबकळत राहणार असेल, तर तो नियम तेथे लावताच येत नाही. नंतरच्या दुसऱ्या एका पद्धतीत नियम लागतो आणि लोंबकळणाऱ्या रेषा आपोआप पुसल्या जातात.

खातेदाराचा दुवा सातबाऱ्यावर नोंदलेला असतो. तरीही त्याला रस्त्यावर यावे लागले. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे बळी घेतले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. हे माप घेतलेल्या जमिनीचे. मग ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता, त्या शेतमजुराचे साडेबारा टक्के किती? त्याचाही त्या शेताशी दुवा होता. मजुरीचा, सरपणाचा, वाटेचा. तो उताऱ्यावर नव्हता, एवढेच.

म्हणून कार्यकर्त्याने कोणत्याही योजनेची आधी डावी बाजू वाचावी. तिच्यात कोण मोजला आहे आणि कोण सुटला आहे? गणिताच्या दोन्ही पद्धती निर्दोष आहेत. त्यांतली कोणती माणसांना लावायची, हे मात्र गणित ठरवीत नाही.